हिरवी ओळ, जी कधी चाललीच नव्हती: थ्रेड, काउंटर आणि कोड कव्हरेज

(या भागाचं लिखित रूप. बोलताना जसं आलं तसंच ठेवलंय, फक्त पाणी पिण्याचे आवाज काढलेत.)

आज घसा जरा बसलाय, तेवढं सांभाळून घ्या.

आजचा विषय कोड कव्हरेज. म्हणजे टेस्ट चालवल्यावर आपल्या कोडमधल्या कुठल्या ओळी खरंच चालल्या, कुठल्या नाही, याचा हिशोब. त्यातही आज बोलायचंय ते आठ-दहा थ्रेड एकाच वेळी पळतायत अशा प्रोग्रॅमबद्दल, आणि तोही चालू असताना हा हिशोब गोळा करण्याबद्दल. विषय ऐकून झोप येऊ देऊ नका, कारण सुरुवात माझ्याच एका घोळापासून करणार आहे.

मी आधी ज्या कंपनीत होतो तिथली गोष्ट. नाव घेत नाही. सी प्लस प्लसमध्ये लिहिलेला एक सर्व्हर होता. बाहेरून मेसेज यायचे, प्रत्येक क्लायंटची वेगळी रांग होती आणि आठ थ्रेड मिळून त्या रांगांमध्ये मेसेज टाकायचे. मेसेज टाकणारं फंक्शन अगदी छोटं. रांगेचं कुलूप लावा, म्हणजे लॉक घ्या. रांग भरलीये का बघा. नसेल तर मेसेज टाका, कुलूप उघडा, परत फिरा. भरली असेल तर मेसेज सोडून द्या, लॉगमध्ये एक ओळ लिहा, परत फिरा.

ज्यांचे कान तिखट आहेत त्यांना कळलं असेल. दुसऱ्या वाटेवर कुलूप उघडायचं राहिलंय. हो हो, लॉक-गार्ड वापरला असता तर हे झालंच नसतं, माहितीये मला. कोड जुना होता, हात लावायची हिंमत कुणाची नव्हती. तुमच्याही ऑफिसात असा एक कोपरा असेलच.

आमच्याकडे एक मुलगी इंटर्नशिपला आली होती. तिला मी काम दिलं होतं की कव्हरेज रिपोर्ट बघ आणि लाल ओळींसाठी टेस्ट लिही. दुसऱ्या दिवशी ती लॅपटॉप घेऊन आली. म्हणाली, "दादा, ही रांग भरल्याची ओळ हिरवी कशी? हिच्यासाठी एकही टेस्ट नाहीये. मी सगळ्या टेस्ट वाचल्या." मी स्क्रीनकडे बघितलं. ओळ हिरवी, शेजारी आकडा ४१. मी म्हटलं, "अगं, चालली असेल कुठल्यातरी दुसऱ्या टेस्टमधून. ४१ वेळा चाललीये म्हणतोय ना तो. तू लाल ओळी बघ."

ती गेली. लाल ओळी बघितल्या. बिचारीने कामही छान केलं.

काही महिन्यांनी एका रात्री एक क्लायंट हळू झाला, त्याची रांग भरली, कुलूप लागलं ते लागलंच. पुढचा थ्रेड त्या रांगेपाशी आला आणि थांबला. मग दुसरा. मग तिसरा. थोड्या वेळात आठही थ्रेड एकाच दाराशी उभे. सर्व्हर जिवंत, पण ढिम्म हलत नाही. बाकीच्या सगळ्या क्लायंटचंही काम ठप्प. फोन कुणाला आला असेल ते सांगायला नको.

बग सापडायला वेळ लागला नाही. सकाळी चहा पिताना डोक्यात आलं, अरे, ही तर तीच ओळ. ४१ वेळा चाललेली. मग ४१ वेळा कुलूप अडकायला हवं होतं ना? मी त्या वाटेवर एक प्रिंट टाकला आणि टेस्टचा सगळा गठ्ठा चालवला. एकदाही छापलं नाही. एकदाही! आणि कव्हरेज रिपोर्ट काढला तर ती ओळ पुन्हा हिरवी. या वेळी आकडा १७.

पुन्हा चालवलं. या वेळी रिपोर्ट बनलाच पाहिजे असं काही नव्हतं, कारण आकडा आला उणे. उणे वेळा चाललेली ओळ! साधारणपणे अशा वेळी रिपोर्टचं टूल ओरडतं आणि थांबतं. आमचं का ओरडत नव्हतं? कारण बिल्डच्या स्क्रिप्टमध्ये कुणीतरी "उणे आकड्यांकडे दुर्लक्ष कर" हा पर्याय टाकला होता. गिट ब्लेम केलं. नाव माझं.

चला, आता हे घडतं कसं ते बघू.

आम्ही जीसीसी कंपायलर आणि त्याचं जीकोव्ह वापरत होतो. कव्हरेजचा पर्याय देऊन कंपाइल केलं की कंपायलर तुमच्या कोडमध्ये जागोजागी स्वतःचे काउंटर पेरतो. ६४ बिटांचे साधे आकडे. ती वाट चालली की आकड्यात एक मिळवायचा, बस. कंपाइल करतानाच एक नकाशाची फाइल बनते, की कुठला काउंटर कुठल्या वाटेचा. प्रोग्रॅम संपताना आकडे दुसऱ्या फाइलमध्ये लिहिले जातात. नंतर जीकोव्ह दोन्ही जोडून सांगतो की ही ओळ इतक्या वेळा चालली.

आता "एक मिळवायचा" हे ऐकायला एक काम वाटतं, पण ती तीन कामं आहेत. आकडा वाचा, एक मिळवा, परत लिहा. गणपतीत मांडवात महाप्रसाद असतो, तिथली कल्पना करा. वाढलेली ताटं मोजायला एक वही आणि दोन कार्यकर्ते. वहीत ५७ लिहिलंय. दोघांनी एकदमच बघितलं, ५७. दोघांनी एकेक ताट वाढलं. दोघांनी येऊन ५८ लिहिलं. ताटं गेली दोन, वहीत वाढलं एक. दोन थ्रेड एकाच काउंटरवर हेच करतात. काही जण म्हणतात की इंटेलच्या प्रोसेसरवर हे एकाच इन्स्ट्रक्शनमध्ये होतं, मग अडचण काय? इन्स्ट्रक्शन एक असली तरी आतमध्ये तीच तीन कामं होतात, आणि दुसरा कोअर मध्ये घुसू शकतो.

जाता जाता एक कोडं. दोन थ्रेड, दोघंही दहा-दहा लाख वेळा एक मिळवतायत, सुरुवात शून्यापासून. शेवटी कमीत कमी किती येऊ शकतं? बहुतेक जण दहा लाख म्हणतात. उत्तर आहे २. कसं ते कागदावर करून बघा, मजा येते.

पण इथे माझा, आणि मला वाटतं बहुतेक सगळ्यांचा, एक गैरसमज असतो. आपण म्हणतो, ठीक आहे, आकडा थोडा कमी येईल. मला कुठे आकडा हवाय? ओळ चालली की नाही एवढंच हवंय. एक मिळवण्यातला घोळ झाला तरी शून्याचा आकडा शून्यच राहणार आणि चाललेल्या ओळीचा आकडा निदान एक तरी असणार. मग रंग कसा चुकेल?

चुकतो. कारण कंपायलर प्रत्येक वाटेवर काउंटर लावतच नाही.

काउंटर लावला की प्रोग्रॅम हळू होतो. म्हणून जीसीसी काटकसर करतो. फंक्शनमधल्या सगळ्या वाटांचा एक नकाशा काढतो, त्यातून स्पॅनिंग ट्री नावाचं एक झाड निवडतो आणि त्या झाडावरच्या वाटांना काउंटर लावतच नाही. त्यांचे आकडे नंतर वजाबाकीने काढतो. शाळेत विजेच्या सर्किटमध्ये किर्चहॉफचा नियम होता ना, जेवढा करंट आत तेवढाच बाहेर? तेच इथे. फंक्शनमध्ये हजार वेळा शिरलो, पहिल्या वाटेने ९६० वेळा गेलो, तर दुसऱ्या वाटेने ४० वेळा गेलो असणार. वेगळं मोजायची गरज काय?

परत मांडवात या. दारावर एक कार्यकर्ता कुपनं मोजतोय, हजार. पंगतीत दुसरा ताटं मोजतोय. पार्सल किती गेली हे कुणी मोजत नाही, कारण दारावरचा आकडा वजा पंगतीचा आकडा म्हणजे पार्सल. हिशोब चोख, जोवर दोन्ही आकडे बरोबर आहेत. आता पंगतीतल्या वहीत ४१ ताटं दोन जणांच्या गोंधळात लिहायची राहिली. रात्री हिशोब लागला, पार्सल ४१. आणि त्या दिवशी पार्सलची खिडकी उघडलीच नव्हती!

आमची ती हिरवी ओळ म्हणजे हे पार्सल. फंक्शनमध्ये शिरण्याचा काउंटर होता, मेसेज टाकण्याच्या वाटेचा काउंटर होता आणि रांग भरल्याची वाट वजाबाकीवर सोडलेली. मेसेज टाकण्याच्या वाटेचे आकडे जास्त हरवले की रांग भरल्याची ओळ हिरवी. शिरण्याचे आकडे जास्त हरवले की उणे. आणि सगळ्यात वाईट तिसरा प्रकार: एखादी क्वचित चालणारी वाट खरंच तीन वेळा चालली, पण दारावरचे नेमके तीन हरवले, तर उत्तर शून्य. चाललेली ओळ लाल.

तुम्ही म्हणाल, पण तू तर कुलूप लावत होतास ना? मग दोन थ्रेड एकदम कसे? हा प्रश्न मलाही पडला होता. गंमत अशी की कुलूप प्रत्येक रांगेचं वेगळं होतं. एक थ्रेड एका रांगेत, दुसरा दुसऱ्या रांगेत, दोघं एकमेकांच्या आड येत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. पण काउंटर रांगेचा नसतो, कोडच्या ओळीचा असतो. रांगा पन्नास असल्या तरी ओळ एकच आणि काउंटरही एकच. म्हणजे तुमचा कोड थ्रेडच्या बाबतीत अगदी निर्दोष असला, तरी कंपायलरने त्यात पेरलेला कोड तसा असेलच असं नाही. जीसीसीने हे लपवलेलं नाही बरं का. हेच काउंटर प्रोग्रॅम वेगवान करण्यासाठीही वापरतात, आणि तिथे मॅन्युअल सरळ सांगतं की अनेक थ्रेडच्या प्रोग्रॅमचे आकडे एकमेकांशी न जुळणारे येऊ शकतात. आकड्यांचा अंदाजे मेळ घालणारा एक पर्यायही तिथे दिलाय. वाचतं कोण?

मग उपाय? जीसीसी ७ पासून, म्हणजे २०१७ पासून, एक पर्याय आहे: एफ-प्रोफाइल-अपडेट. त्याला "ॲटॉमिक" सांगितलं की वही एका वेळी एकाच्याच हातात. वाचणं, मिळवणं, लिहिणं एका दमात, मध्ये कुणी नाही. आणि कंपायलर इतका समजूतदार आहे की तुम्ही पी-थ्रेडचा पर्याय दिलेला दिसला तर तो आपणहून "जमेल तिथे ॲटॉमिक" पकडतो.

मग आमचं का फसलं? कारण आमच्याकडे तो पर्याय नव्हता. आमच्याकडे लिंक करताना "एल-पीथ्रेड" होतं, म्हणजे ती लायब्ररी जोडा एवढंच. दिसायला एका अक्षराचा फरक, पण कंपाइल करताना कंपायलरला कळतच नाही की इथे थ्रेड आहेत. आणि ही चूक आता आणखी सोपी झालीये. २०२१ मध्ये आलेल्या जी-लिबसी २.३४ पासून थ्रेडची लायब्ररी मुख्य लायब्ररीतच आली. काहीही पर्याय न देता एसटीडी-थ्रेड मजेत चालतो. सीमेक वापरणारे, तुम्हीही बघा. त्याला पी-थ्रेडचा पर्याय पसंत कर असं मुद्दाम सांगितलं नाही, तर तो सहसा देत नाही. म्हणून माझं मत, कंपायलरच्या समजूतदारपणावर विसंबू नका. ॲटॉमिक स्वतःच्या हाताने लिहा.

याची किंमत आहे. वही एकाच्या हातात म्हणजे बाकीचे रांगेत. प्रोसेसर मेमरी एकेक आकडा करून नाही हलवत, ६४ बाइटचा एक तुकडा हलवतो, त्याला कॅश लाइन म्हणतात. ८ बाइटचे आठ काउंटर एकाच तुकड्यात बसतात. आठ थ्रेड आठ वेगवेगळ्या काउंटरना हात लावत असले तरी तो तुकडा या कोअरकडून त्या कोअरकडे नुसता फिरत राहतो. सगळ्यात आतल्या लूपमधला काउंटर असेल तर प्रोग्रॅम चांगलाच रेंगाळतो. आणि रेंगाळला की थ्रेडची वेळ बदलते, वेळ बदलली की एखादा नाजूक बग लपून बसतो किंवा नवा दिसायला लागतो. म्हणून कव्हरेजचं बिल्ड वेगळं ठेवा आणि वेग मोजायला ते कधी वापरू नका. टेस्ट मात्र दोन्ही बिल्डवर चालवा.

आता दुसरा भाग. प्रोग्रॅम चालू असताना आकडे काढायचे कसे?

मघाशी म्हटलं की आकडे फाइलमध्ये लिहिले जातात ते प्रोग्रॅम संपताना. पण सर्व्हर कुठे संपतो? आणि संपवला तरी कसा संपवतो? डॉकरमध्ये कंटेनर थांबवला की आतल्या प्रोसेसला आधी सिगटर्म जातो आणि दहा सेकंदांत ती गेली नाही तर सिगकिल. सिगटर्म तुम्ही स्वतः हाताळला नसेल तर प्रोसेस शेवटची कामं न करताच मरते. एकही आकडा लिहिला जात नाही. सिगकिलचं तर बोलायलाच नको. "रिपोर्टमध्ये शून्य टक्के का येतंय" असा मेसेज ज्या ज्या मित्राने केलाय, त्यातल्या निम्म्यांचं उत्तर हेच होतं.

जीसीसीत यासाठी दोन फंक्शन आहेत. जीकोव्ह-डंप म्हणजे आत्तापर्यंतचे आकडे लिही आणि जीकोव्ह-रिसेट म्हणजे सगळे शून्य कर. जुन्या लेखांमध्ये जीकोव्ह-फ्लश दिसेल, ते जीसीसी ११ मध्ये काढून टाकलं, त्यामुळे नक्कल करून चिकटवाल तर लिंकच होणार नाही. आणि एक विनंती, डंप सिग्नल हँडलरच्या आतून करू नका. मी केलंय. सिग्नल येतो तेव्हा एखादा थ्रेड मेमरी मागण्याच्या मध्यावर असू शकतो, तुम्ही तिथेच फाइल उघडायला जाता आणि सगळं गोठतं. त्यापेक्षा एक वेगळा थ्रेड ठेवा, ज्याचं काम फक्त सिग्नलची वाट बघणं. सिग्नल आला की तो निवांतपणे डंप करेल.

झालं का? नाही. इथे ती पार्सलची खिडकी परत उघडते.

समजा सगळे काउंटर ॲटॉमिक आहेत, एकही आकडा हरवत नाही. तुम्ही भर पंगतीत म्हणालात, "थांबा, आत्ताचा हिशोब सांगा." दारावर हजार. पंगतीत ९९२. पार्सल आठ? नाही हो! ती आठ माणसं दारातून आत आलीयेत आणि नळावर हात धुतायत. अजून ताटावर बसलेलीच नाहीत. आठ थ्रेडचा प्रोग्रॅम चालू असताना आकडे घेतले तर हेच होतं. प्रत्येक थ्रेड कुठल्यातरी फंक्शनच्या मध्यावर असतो. शिरल्याची नोंद झालीये, पुढची वाट अजून ठरलेली नाही, आणि वजाबाकी त्याला भलत्याच वाटेवर टाकते. क्लँगच्या कव्हरेजमध्ये तर हे अगदी स्वच्छ दिसतं. तिथे इफ आणि एल्स असेल तर इफच्या बाजूला काउंटर असतो आणि एल्सचा आकडा म्हणजे आधीचा वजा इफचा. इफच्या कंसातच कुणाची तरी वाट बघणारं फंक्शन असेल आणि थ्रेड तिथे अडकून बसलेला असताना तुम्ही फोटो काढलात, की एल्सवर एक भूत. आकडा छोटा असतो, थ्रेडच्या संख्येइतका फार तर. पण शून्य आणि एक यात कव्हरेजच्या जगात सगळा फरक आहे.

आणि डंप व रिसेट यांच्यामध्ये जी फट आहे, तेवढ्यात जे मोजलं गेलं ते कायमचं गेलं.

यावर आम्ही जे केलं ते सांगतो. प्रत्येक थ्रेडने हातातला मेसेज संपवायचा आणि एका ठरलेल्या जागी येऊन थांबायचं. सगळे आले की डंप, रिसेट आणि मग पुढे चला. काही मिलिसेकंदांचा खोळंबा. टेस्टच्या सर्व्हरवर कुणाला पत्ताही लागत नाही. चालू दुकानात हिशोब करायचा तर निदान शटर अर्धं खाली घ्यावं लागतं.

बाकीच्या भाषांमध्ये काय चाललंय?

जावावाले नशीबवान. जाकोको मोजतच नाही. प्रत्येक क्लाससाठी हो-नाहीची एक यादी ठेवतो आणि वाट चालली की तिथे "हो" लिहितो. दोन थ्रेडनी एकाच वेळी "हो" लिहिलं तरी उत्तर "हो"च. वही नकोच, भिंतीवर खडूने एक खूण. किती वेळा चाललं हे कळत नाही, पण आपल्याला कुठे हवं होतं? शिवाय त्याचा एजंट टीसीपीच्या ६३०० पोर्टवर ऐकत बसू शकतो, तुम्ही बाहेरून विचारायचं आणि त्याने आकडे द्यायचे. प्रोग्रॅम बंद करायची गरजच नाही. मला विचाराल तर सगळ्यात शहाणं डिझाइन हे. क्लँगमध्येही सॅनिटायझर-कव्हरेजचा असा एक प्रकार आहे, हो-नाहीवाला. तो तर आधी बघतो की खूण आहे का, आणि असेल तर परत लिहीतच नाही, त्यामुळे ती कॅश लाइनची फिरतीही वाचते.

गो भाषेने निवड तुमच्यावर सोडलीये. सेट, काउंट आणि ॲटॉमिक अशा तीन तऱ्हा. रेस शोधणारा पर्याय लावला की ती आपणहून ॲटॉमिकवर जाते. गो १.२० पासून, म्हणजे फेब्रुवारी २०२३ पासून, नुसत्या टेस्टचंच नाही तर आख्ख्या बिल्ड केलेल्या प्रोग्रॅमचं कव्हरेज घेता येतं, आणि तो चालू असताना आकडे लिहिता किंवा शून्य करता येतात. शून्य करण्याची अट मात्र ॲटॉमिक हीच. आणि गोमध्ये प्रत्येक तुकड्याला स्वतःचा काउंटर असतो, वजाबाकी नाही, त्यामुळे काउंट तऱ्हेत आकडा चुकला तरी आमच्यासारखं पार्सल उगवत नाही.

पायथॉनची अडचण वेगळीच. तिथे ओळींवर नजर ठेवणारी जी पारंपरिक सोय आहे ती एकेका थ्रेडपुरती असते. एका थ्रेडमध्ये लावली म्हणून दुसऱ्यात लागत नाही. कव्हरेज-पाय नेहमीच्या थ्रेडचं स्वतः बघून घेतं, पण जीइव्हेंटसारखं काही वापरत असाल तर त्याला कॉन्करन्सीच्या सेटिंगमध्ये तसं सांगावं लागतं. नाहीतर रिपोर्ट येतो, दिसतो छान, आणि चुकीचा असतो.

लिनक्स कर्नलमध्ये एक वेगळाच विचार आहे, तो मला फार आवडतो. २०१६ मध्ये, ४.६ आवृत्तीत, केकोव्ह आलं. ते सगळ्यांचा एक हिशोब ठेवतच नाही. ज्या टास्कने मागितलं त्याच्यापुरतीच नोंद, त्याच्याच वहीत. कारण ते बनलं सिझकॉलरसारख्या फझरसाठी, जो कर्नलला उलटसुलट सिस्टिम कॉल करून पाडायला बघतो. त्याला जाणून घ्यायचं असतं की मी आत्ता केलेल्या कॉलमुळे कुठला कोड चालला. शेजारच्या थ्रेडने काय केलं ते त्यात मिसळलं तर त्याचा सगळा अंदाज बिघडतो. प्रत्येकाची वही वेगळी, म्हणजे भांडणच नाही. अर्थात वह्या जास्त लागतात.

आणि हो, एक गोष्ट यातलं कुठलंच टूल सांगत नाही. दोन ओळी चालल्या हे कळतं. दोन थ्रेडमध्ये त्या कुठल्या क्रमाने चालल्या हे कळत नाही. शंभर टक्के हिरवा रिपोर्ट असलेल्या प्रोग्रॅममध्ये रेस कंडिशन आरामात राहू शकते. ती शोधायला थ्रेड-सॅनिटायझर वगैरे वेगळी टूल आहेत, त्यावर एक आख्खा भाग करू कधीतरी.

आमच्या त्या सर्व्हरचं काय झालं? कुलूप उघडायची ओळ टाकली. बिल्डमध्ये ॲटॉमिक स्वतः लिहिलं. स्क्रिप्टमधला तो "उणे आकड्यांकडे दुर्लक्ष" काढला, आणि पुढच्याच रिपोर्टमध्ये पाच-सहा हिरव्या ओळी लाल झाल्या. टक्का घसरला. मॅनेजरने विचारलं, "काय मोडलंत?" सांगितलं, काही नाही मोडलं, आधी मोडकं होतं ते आता दिसायला लागलंय. पटायला जरा वेळ लागला.

त्या मुलीची इंटर्नशिप तोवर संपली होती. तिला मेसेज केला, सगळं सांगितलं, चूक माझी होती म्हटलं. तिचं उत्तर आलं: "दादा, रांग भरल्याची टेस्ट मी तेव्हाच लिहिली होती. तुम्ही लाल ओळी बघ म्हणालात म्हणून मर्ज केली नाही. माझ्या ब्रँचवर असेल अजून."

होती. तशीच्या तशी. तीच मर्ज केली.

चला, थांबतो, घसा फारच बसला आता. तुमच्या बिल्डमध्ये ॲटॉमिक आहे की नाही ते बघा आणि काय सापडलं ते कमेंटमध्ये नक्की सांगा. त्या २ च्या कोड्याचं उत्तर ज्यांना सुटलंय त्यांनी कृपया बाकीच्यांसाठी फोडू नका. भेटू पुढच्या भागात.